कॅम्पर नाशिकला ठेवायची असेल तर

ठाण्याच्या सोसायटीत टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर (आत झोपायची-स्वयंपाकाची सोय केलेली गाडी) उभी करू देत नाहीत, मग दोन सहलींच्या मधले दोन-तीन महिने ती नाशिकला ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. मी कांदिवलीला राहतो आणि हे माझं चौथं वर्ष आहे. फक्त नाशिकला नेमकी कुठे ठेवताय, ते बघा.

इगतपुरी, घोटी, त्र्यंबककडे जागा मिळाली तरी घेऊ नका. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, नाशिक शहरात जेमतेम पाव हिस्सा, आणि मधे अंतर ४५ किलोमीटर. बंद गाडीत गाद्यांना बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. शहराच्या पूर्वेला, आडगाव-ओझरच्या बाजूला बघा.

पहिल्या वर्षी मी ती दिंडोरीकडे मावसभावाच्या मळ्यात ठेवली होती. जागा फुकट, घरचं माणूस, शेजारी द्राक्षबाग. दिवाळीत गेलो तर गाडीची डावी बाजू निळसर ठिपक्यांनी भरलेली. छाटणीच्या आगेमागे बागेवर बोर्डो मारतात, त्यात मोरचूद आणि चुना असतो, आणि ब्लोअरचा फवारा काही बांधापाशी थांबत नाही. पत्र्यावरचं व्हिनेगरच्या पाण्याने निघालं. सोलर पॅनेलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर मात्र डाग अजून आहेत. भाऊ म्हणाला, "दादा, आधी बोलला असतास तर ताडपत्री टाकली असती ना!"

त्याच वर्षी उंदीरही झाले. बांधावरच्या कांदाचाळीतून आले, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होतो. खरं तर किचनच्या कप्प्यात चिवड्याचं अर्धं पाकीट मीच विसरलो होतो. चिवडा संपल्यावर त्यांनी पाण्याच्या पंपाची वायर धरली. तंबाखूची पानं, डांबराच्या गोळ्या, सगळं करून झालं. आठवडाभर वास, मग परत लेंड्या. गाडीत खाण्याचा कण न ठेवणं आणि पाइप जातात त्या भोकांत स्टीलची घासणी कोंबणं, एवढंच कामाला आलं.

आता आडगावकडे एका ट्रान्सपोर्टवाल्यांच्या आवारात शेडखाली भाड्याने ठेवतो. रात्रभर ट्रकची ये-जा असते, त्यामुळे वॉचमन जागा असतो (किंवा जागा राहावं लागतं). एक किल्ली तिथल्या ड्रायव्हरकाकांकडे. महिन्यातून एकदा ते ओझरपर्यंत चक्कर मारून आणतात, त्याचे पैसे वेगळे देतो. जागेवरच दहा मिनिटं इंजिन चालू ठेवण्याचा सल्ला तुम्हाला बरेच जण देतील. त्याने बॅटरी धड भरत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं ते निराळंच. चक्कर मारली की इंजिन नीट तापतं, आणि टायरही एकाच बाजूवर बसत नाहीत.

गाडी ठेवून निघताना हँडब्रेक ओढू नका. मी एकदा पावसाळाभर ओढलेला ठेवला, तर लायनर ड्रमला चिकटले आणि मेकॅनिकने हातोडीने ठोकून सोडवले. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा. पाण्याच्या टाक्या रिकाम्या, नळ उघडे, गॅस सिलिंडर बाहेर, डिझेल फुल. फ्रिजच्या दारात नॅपकिनची घडी अडकवून फट ठेवा, नाहीतर पुढच्या सहलीत दूधसुद्धा त्या वासाचं प्यावं लागेल. गाडीतला फ्रिज, दिवे, पंप चालवणारी वेगळी बॅटरी लेड-ॲसिड असेल तर पूर्ण चार्ज करून तिच्या वायरी काढून ठेवा. लिथियम असेल तर चार्ज निम्म्याच्या आसपास ठेवा.

इन्शुरन्सवाल्यांना गाडी कुठे उभी असते ते लेखी कळवा. ठाणे-नाशिक एकाच राज्यात, त्यामुळे नोंदणीचा प्रश्न येत नाही.

जागा ठरवताना मालकाला २०२७ च्या सिंहस्थाचंही विचारून ठेवा. मागच्या वेळी, २०१५ ला, बाहेरगावच्या गाड्या शहराबाहेरच थांबवल्या होत्या, आणि अशा मोकळ्या आवारांना तेव्हा भाव येतो. आमच्या शेठनी मला आत्ताच सांगून ठेवलंय की तेवढे महिने जागा मोकळी लागेल. मी सिन्नरकडे शेड बघतोय.