भावाची बोट भर समुद्रात थांबली, तेव्हा काय झालं असेल?

प्रश्न : सर नमस्कार, माझा धाकटा भाऊ एलएनजी (थंड करून द्रवरूप केलेला नैसर्गिक गॅस) टँकरवर फोर्थ इंजिनिअर आहे. त्याची बोट कुठे पोचली ते मी रोज मोबाईलवर बघते. गेल्या आठवड्यात भर समुद्रात स्पीड १७ नॉटवरून (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) एकदम १ वर आला आणि ९ तास तसाच राहिला, ठिपका वेडावाकडा सरकत होता, खाली मात्र 'इंजिनवर चालू' असंच लिहिलेलं. भावाचा मेसेज नाही, मला रात्रभर झोप नाही. नंतर म्हणतो, "काही नाही गं ताई, छोटं काम होतं." खरं काय झालं असेल? आणि एवढा गॅस पोटात असताना बोट बंद पडली तर?

उत्तर : ताई, तुम्ही बरोबर वाचलंत, इंजिन बंदच होतं. तुम्हाला दिसतं ते एआयएसचं, म्हणजे बोट स्वतःची माहिती रेडिओवरून पाठवते त्या यंत्रणेचं. बोटीची जागा, स्पीड, दिशा हे सगळं आपोआप जातं, चालत्या बोटीवरून दर काही सेकंदांनी आणि नांगरावर असली की दर ३ मिनिटांनी. पण 'इंजिनवर चालू', 'नांगरावर' ही ओळ आणि पुढचं बंदर हे ब्रिजवरचा (बोट चालवतात त्या खोलीतला) ऑफिसर हाताने भरतो, आणि गडबडीत ते बदलायचं राहून जातं. इंजिन बंद पडून बोट ताब्यात नसेल तर नियमाप्रमाणे तसं स्टेटस लावायला हवं, दिवसा दोन काळे गोळे आणि रात्री दोन लाल दिवे एकावर एक चढवावे लागतात. म्हणून त्या ओळीवर भिस्त ठेवू नका, स्पीड आणि दिशा बघा. बोटीचं नाक एकीकडे आणि बोट सरकतेय भलतीकडेच, स्पीड एक-दीड नॉट, म्हणजे ती वाऱ्या-प्रवाहाबरोबर वाहतेय. बंदराजवळ असं दिसलं तर बहुतेक वेळा बर्थची (धक्क्यावरच्या जागेची) वाट बघणं चालू असतं, काळजीचं काही नसतं. भर समुद्रात, पुढचं बंदर तेच आणि स्पीड एकदम पडलेला असला तर मात्र इंजिनरूममध्ये काम निघालंय असं समजायचं. आणि ठिपका गायबच झाला तर लगेच घाबरायचं नाही, किनाऱ्यावरच्या अँटेनाला साधारण ४० सागरी मैलांपर्यंतच ऐकू येतं, त्यापुढे सॅटेलाइट डोक्यावरून जाईल तेव्हा.

आता 'छोटं काम'. मी ही नोकरी बरीच वर्षं केलीय म्हणून सांगतो. समजा एका सिलिंडरचं एक्झॉस्ट टेंपरेचर बाकीच्यांपेक्षा वर जायला लागलं, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला धूर बाहेर सोडणारी झडप) जळलाय. चीफ इंजिनिअर ब्रिजला फोन करतो, कॅप्टन बाकीच्या बोटींपासून लांब मोकळ्या पाण्यात नेतो आणि इंजिन थांबवतात. थांबल्यावर बोट लाटांना आडवी होते आणि लोळायला लागते, त्यात वरच्या क्रेनला टांगलेला माणसाएवढा उंच व्हॉल्व्ह हलू न देता खाली उतरवायचा, सगळ्यांचे बॉयलर सूट घामाने चिंब, आणि फोर्थ इंजिनिअर बोल्ट मोजून ट्रेमध्ये मांडतोय. क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या बंद भागात) ऑइल मिस्टचा, म्हणजे तेलाच्या धुक्याचा अलार्म वाजला असेल तर आणखी वेळ, कारण इंजिन बंद केल्यावर दारं निदान २० मिनिटं तरी उघडायची नसतात, आतल्या तापलेल्या भागाला ताजी हवा मिळाली तर स्फोट होऊ शकतो. अशा वेळी मोबाईल केबिनमध्येच पडलेला असतो हो. ९ तासात काम आटपलं म्हणजे पोरांनी जीव तोडून केलं.

गॅसचं म्हणाल तर तो उणे १६२ अंशांवर द्रवरूपात असतो, टाकीला जाडजूड इन्सुलेशन, तरी दिवसाला साधारण ०.१ टक्का उकळून वर येतोच. १,७४,००० घनमीटरच्या बोटीवर म्हणजे रोज पावणेदोनशे घनमीटर द्रव. एरवी हाच गॅस इंजिनात जळतो. मेन इंजिन थांबलं की तो जनरेटरला जातो, उरलेला वेगळ्या कंबशन युनिटमध्ये (गॅस जाळायच्या भट्टीत) जाळतात, काही बोटींवर थंड करून परत टाकीत सोडतात, म्हणजे टाकीतलं प्रेशर ताब्यात राहतं. फेब्रुवारी २००८ मध्ये कातालून्या स्पिरिट नावाचा भरलेला एलएनजी टँकर अमेरिकेत केप कॉडजवळ पॉवर जाऊन वाहायला लागला होता, टगनी (ओढून नेणाऱ्या छोट्या ताकदवान बोटींनी) धरला, गॅस गळला नाही. १९७९ मध्ये एल पासो पॉल कायझर तर जिब्राल्टरजवळ खडकावर चढला, तळ चांगलाच फाटला, पण टाक्या शाबूत राहिल्या आणि सगळा माल दुसऱ्या टँकरमध्ये काढून घेतला. मला स्वतःला धास्ती वाटते ती बंद इंजिनाची नाही, बंद इंजिन आणि जवळ किनारा या जोडीची. म्हणून ठिपका थांबला की आधी किनारा किती लांब आहे ते बघत जा.

आणखी एक, बोट नावाने शोधू नका, नावं बदलतात आणि सारख्या नावाच्या बोटीही असतात. ७ आकडी आयएमओ नंबर (बोटीचा आंतरराष्ट्रीय ओळख नंबर) भावाकडून घ्या, तो बोट भंगारात जाईपर्यंत तोच राहतो. आणि पुढच्या फोनवर 'काय झालं होतं' असं विचारू नका, 'कितव्या युनिटचं काम होतं' असं विचारा (युनिट म्हणजे सिलिंडर), बघा किती वेळ बोलतो ते.