आधी मुलीची गोळी, मग तिचे करिअर

आपले पत्र मी दोनदा वाचले. बारावीतल्या आपल्या मुलीला चार वर्षांपासून आकडी येते आणि मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला सहा तास लागतात, म्हणून तिनेच मेंदूविकारतज्ज्ञ होऊन गावाची सोय करावी, अशी आपली इच्छा आहे. तिला मात्र ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, काढणारी तंत्रज्ञ व्हायचे आहे. आपल्याला चिंता तिच्या गुणांची आहे. मला चिंता वाटली ती पत्रात ओझरत्या आलेल्या एका वाक्याची: गोळीने झोप येते, म्हणून परीक्षेपर्यंत ती बंद ठेवली आहे.

हे आपण करायला नको होते. औषध अचानक थांबवल्यास आकडी उलटू शकते, जागरणाने तो धोका वाढतो, आणि एकामागून एक येत राहणारी आकडी जिवावर बेतू शकते. गुंगीवर उपाय आहेत. मात्रा, वेळ किंवा औषधही बदलता येते. पण तो निर्णय डॉक्टरांचा, परीक्षेच्या वेळापत्रकाचा नव्हे. त्यांना आजच फोन करा.

तज्ज्ञ नाही म्हणजे उपचार नाहीत, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे हाच आकडीचा आजार, आहे, त्यांतले जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि योग्य निदान व औषध मिळाल्यास ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण आकडीमुक्त राहू शकतात. फेनोबार्बिटल हे स्वस्त औषध १९१२ पासून वापरात आहे. प्रशिक्षित सामान्य डॉक्टर आणि परिचारिका यांनीच हे उपचार करावेत, यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये कार्यक्रमही सुरू केला. तज्ज्ञ लागतो तो मुख्यतः निदान अवघड असेल किंवा औषधांना दाद मिळत नसेल तेव्हा. खेड्यात घोडे अडते ते बहुधा त्याआधीच: आरोग्य केंद्रातला औषधसाठा संपतो, पाठपुरावा होत नाही, किंवा घरचे लोकलाजेस्तव आजार लपवतात.

अपस्मार असलेल्या व्यक्ती डॉक्टर होतात. तिची इच्छा असती तर प्रवेशपरीक्षा आणि पुढची दहा-बारा वर्षे, ही वाट मीच दाखवली असती. पण तिची निवड कमी प्रतीची नाही. नीट काढलेला आलेख दूरवरचा तज्ज्ञ वाचू शकतो. तो नीट काढणारे माणूस मात्र जागेवरच लागते. स्वतः आकडी अनुभवलेली मुलगी घाबरलेल्या रुग्णाला काय सांगेल, याचा विचार आपण केला आहे का?

पुढचे पत्र तिला लिहू द्या. डॉक्टरांशी बोलणे झाल्याचे मात्र आपण कळवा.