ॲल्युमिनियमच्या प्रिंटिंगमध्ये शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हीट ट्रान्सफरमध्ये कसेबसे ५२ गुण. तरी तिला धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगवर, तेही ॲल्युमिनियमच्या ग्रेनवर (धातूच्या आतल्या स्फटिककणांवर) प्रोजेक्ट आणि पुढे एम.टेक. करायचं आहे. ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं, त्यात शिकण्यासारखं काय? घ्यायचंच तर टायटॅनियम घ्यावं. आम्ही तिच्यासाठी तीन महिन्यांचा डिझाइन सॉफ्टवेअरचा कोर्स ठरवला आहे. योग्य आहे ना? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार. कोर्स तुम्ही ठरवलात, धातूही तुम्हीच सुचवताय, आणि शेवटी ‘योग्य आहे ना’ म्हणताय. हा प्रश्न नाही, सही मागणं आहे. ती मी करणार नाही.

५२ गुणांची मला काळजी वाटत नाही. ज्या विषयात गुण गेले त्याच विषयाकडे मुलगी वळते आहे. का, हे तुम्ही तिला विचारल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. काळजी त्याची वाटते. ‘ज्यात जेमतेम पास झालीस त्यातच एम.टेक. करणार?’ हे रोज ऐकून ती उद्या कोर्सला हो म्हणेलही. तो होकार वाद टाळण्यासाठी दिलेला असेल.

आता ६६० अंश. कमी तापमानाला वितळतं म्हणून सोपं, हा हिशेब भट्टीपुरता ठीक आहे. प्रिंटरमधला, धातूची पावडर थराथराने वितळवणारा नेहमीचा इन्फ्रारेड लेसर सपाट ॲल्युमिनियमवर पडला तर नव्वद टक्क्यांहून जास्त परत फिरतो. पावडरच्या कणांत तो पुन्हापुन्हा आपटतो, म्हणून निभावतं. आत शिरलेली उष्णताही जागेवर राहत नाही : शुद्ध ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता सुमारे २३७ वॅट प्रति मीटर-केल्विन, स्टेनलेस स्टीलची १५ च्या आसपास, आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची जेमतेम ७. कणांवरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांपुढे वितळतो, ती कटकट वेगळीच.

खरी अडचण गोठताना येते. मेल्ट पूल (लेसरखालचं वितळलेल्या धातूचं डबकं) सेकंदाला लाखो अंश या वेगाने थंड होतो. उष्णता खालच्या गोठलेल्या थरात उतरते, म्हणून नवे ग्रेन खालच्याच ग्रेनवरून, उष्णतेच्या उलट दिशेने, खांबांसारखे वर चढतात. ७०७५ हा ॲल्युमिनियमचा, जस्त घातलेला मिश्रधातू सुमारे ६३५ अंशांना गोठू लागतो आणि ४७७ च्या आसपास पूर्ण गोठतो. या लांब टप्प्याच्या शेवटी उरलेला द्रव खांबांमधल्या फटींत पातळ थर होऊन अडकतो, धातू आकसतो आणि तिथेच तडकतो. दहा टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूत शेवटी भरपूर युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला गोठणारा) द्रव उरतो, तो फटी भरून काढतो. म्हणून तो बिनबोभाट छापला जातो. ७०७५ मध्ये नुसती लेसरची पॉवर वाढवून तडे थांबत नाहीत, उलट जस्त उडून जातं आणि कीहोलची (धातूची वाफ होऊन पडणाऱ्या खोल खड्ड्याची) छिद्रं पडतात. २०१७ मध्ये एचआरएल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी पावडरच्या कणांवर झिर्कोनियमचे नॅनोकण चढवले. त्यातून तयार झालेल्या ॲल्युमिनियम-झिर्कोनियमच्या संयुगावर जागोजागी नवे ग्रेन उगवले, खांब बनले नाहीत आणि तडेही थांबले. डिझाइन सॉफ्टवेअरच्या कोर्समध्ये यातलं काही येत नाही. फी भरू नका.

एम.टेक.चा मुख्य रस्ता गेट या परीक्षेचा. कोणता पेपर चालतो ते त्या त्या संस्थेच्या माहितीपत्रकात बघा. यापुढचं मुलीसाठी आहे, तिला वाचू द्या.

तुला हे काम आवडतं की त्याचं नाव, हे आधी तपास. पायथॉनमध्ये रोझेन्थालचं सरकत्या उष्णतास्रोताचं समीकरण लिही. ३७० वॅट, सेकंदाला १३०० मिलिमीटर वेग घे, शोषणाचा आकडा ०.३ ते ०.६ बदलत जा आणि पूलची रुंदी किती हलते ते बघ. मग स्टीलचे गुणधर्म घाल. स्रोत बिंदूएवढा धरल्यामुळे मध्यभागी तापमान अनंत येतं, तिथला आकडा सोडून दे. सुप्त उष्णता आणि कीहोलही या समीकरणात नाहीत. पूलच्या मागच्या कडेवर तापमानाचा उतार आणि गोठण्याचा वेग काढ. उतार भागिले वेग यावरून ग्रेनचा आकार (खांबासारखा की गोलसर) कळतो, दोहोंच्या गुणाकारावरून बारीकपणा. तळाशी वेग जवळजवळ शून्य आणि उतार सर्वाधिक असतो. खांब तिथूनच का सुरू होतात ते स्वतःच्या ग्राफवर दिसेल. यात आठवडाभर रमलीस तर पुढे जा.

नमुना मिळाला की छपाईच्या दिशेला समांतर कापच. नुसता आडवा काप घेतलास तर खांबांची डोकी गोल दिसतात आणि ‘समाक्ष ग्रेन’ (सगळ्या दिशांना सारखे) असं चुकीचं लिहून मोकळी होशील. ॲल्युमिनियम मऊ, पॉलिशचे कण त्यात रुततात. प्रत्येक पायरीनंतर नीट धुऊन घे. एचिंगनंतर (रसायनाने पृष्ठभाग किंचित खाल्ल्यावर) सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या माशाच्या खवल्यांसारख्या रेघा मेल्ट पूलच्या कडा असतात, ग्रेनच्या नव्हेत. एचिंगच्या केलर्स द्रावणात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, ते एकटीने हाताळू नकोस. ग्रेन खात्रीने मोजायला ईबीएसडी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून ग्रेनची दिशा टिपणारी पद्धत) लागेल आणि त्या यंत्रावर सहसा रांग असते, तेव्हा वेळ आधीच मागून ठेव.