ठाण्यात खरोखर घाबरवणारी मराठी पुस्तकं कुठे मिळतील आणि सुरुवात कशाने करू?

स्टेशनजवळचं मराठी ग्रंथ संग्रहालय गाठा. 1893 पासूनची संस्था आहे, त्यामुळे दुकानात न दिसणारी जुनी पुस्तकंही तिथे विचारून बघण्यासारखी. 'भयकथा द्या' असं मोघम मागू नका, लेखकाचं नाव सांगा. सुरुवात रत्नाकर मतकरींपासूनच करा, 'खेकडा' हा संग्रह घ्या. त्यांच्याकडे भुतं कमी, माणसं जास्त. आपल्यासारखंच साधं, चार भिंतींचं घर असतं आणि त्यातलंच कुणीतरी हळूहळू परकं वाटायला लागतं. ही भीती पुस्तक मिटलं तरी जात नाही.

मग नारायण धारप. इथे माझं ठाम मत आहे: दुष्ट शक्तींशी लढणाऱ्या 'समर्थ' या नायकाच्या त्यांच्या समर्थकथा रंजक आहेत, पण समर्थ आले की वाचणाऱ्याला धीर येतो. घाबरायचंच असेल तर समर्थ नसलेल्या कादंबऱ्या निवडा. 'लुचाई' घ्या. स्टीफन किंगच्या कादंबरीवर बेतलेली असली तरी वातावरण पक्कं आपल्याकडचं आहे.

मुखपृष्ठावरची कवटी, लाल डोळे बघून काहीही उचलू नका. पहिली दोन-तीन पानं उभ्या उभ्या वाचा. तिथेच किंकाळ्या आणि रक्त सुरू झालं तर ठेवून द्या, पुढे फक्त किळस येते. पहिल्या पानांवर काहीच घडत नसेल आणि तरी पुढचं पान उलटताना हात थबकत असेल, तर ते पुस्तक घरी न्या. लोकलच्या गर्दीत मात्र वाचू नका, मजा जाते. रात्री, एकट्याने, एका बैठकीत एकच कथा.