अलर्ट लावण्याआधी

सॉफ्टवेअर सर्व्हिसच्या मॉनिटरिंगमध्ये नवीन आहेस, तर लगेच डॅशबोर्ड सजवायच्या मागे लागू नकोस. युजरला काय जाणवतं ते आधी मोज: रिस्पॉन्सला लागणारा वेळ आणि एरर. त्यातही सरासरीवर अजिबात विसंबू नकोस. शंभरातल्या ९८ रिक्वेस्ट १०० मिलिसेकंदांत गेल्या आणि दोन १० सेकंद अडकल्या, तरी सरासरी २९८ मिलिसेकंदच दिसते. पी९९, म्हणजे ९९ टक्के रिक्वेस्ट ज्या वेळेच्या आत पूर्ण होतात तो आकडा, मात्र थेट १० सेकंद दाखवतो. ती अडकलेली माणसं खरी असतात, म्हणून तोच आकडा बघ.

सीपीयू ८० टक्के झाला एवढ्यासाठी रात्री कुणाला उठवू नकोस. उठून करण्यासारखं काही असेल तरच अलर्ट.

इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे कोडमध्येच मोजमापाची सोय, ओपनटेलिमेट्री या खुल्या स्टँडर्डमध्ये कर. २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र येऊन ते उभं राहिलं. उद्या मॉनिटरिंगचं टूल बदललं तरी कोड सहसा नव्याने लिहावा लागत नाही.

एआय फीचरचं दुखणं वेगळं. मॉडेलचं उत्तर साफ चुकलं तरी स्टेटस २००, म्हणजे ‘सगळं ठीक’ असाच येतो! म्हणून टोकन (मॉडेल वाचतं-लिहितं ते मजकुराचे तुकडे) किती लागले ते, मॉडेल आणि प्रॉम्प्टचं (मॉडेलला दिलेल्या मजकुराचं) व्हर्जन ट्रेसमध्ये, म्हणजे त्या रिक्वेस्टच्या प्रवासाच्या नोंदीत, नोंदव, आणि उत्तरांचे नमुने माणसाकडून नियमित तपासून घे. प्रॉम्प्टमधली खाजगी माहिती मात्र लॉगमध्ये जाण्याआधीच काढून टाक.