एपिटालॉन : पुरावा किती, धोका कोणता?

प्रश्न : माझे यजमान ६१ वर्षांचे आहेत. वार्धक्य लांबते असे वाचून त्यांनी एपिटालॉन या पेप्टाइडच्या कुप्या ऑनलाइन मागवल्या आहेत. ही इंजेक्शने सुरक्षित आहेत का?

उत्तर : कृपया त्यांना थांबवा. एपिटालॉन हे चार अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड असून त्यावरील बरेचसे काम रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे व्लादिमीर खाविन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत त्यामुळे टेलोमरेज हे विकर (पेशी विभागताना झिजणारी गुणसूत्रांची टोके पुन्हा लांबवणारे एन्झाइम) कार्यरत होते, असे त्यांनी २००३ मध्ये नोंदवले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात मात्र सरासरी आयुर्मान वाढले नाही; सर्वाधिक जगलेल्या मोजक्या उंदरांचेच आयुष्य लांबले. जाहिरातींत हे सहसा येत नाही, याचे वाईट वाटते.

टेलोमरेज बहुतेक कर्करोगांच्या पेशींतही सक्रिय असते, ही माझी मुख्य काळजी आहे. त्या उंदरांत रक्ताचा कर्करोग उलट कमी आढळला हे खरे, परंतु ज्या माणसाच्या शरीरात न कळलेली गाठ आधीच असेल त्याचे काय होईल, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय अशा कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. म्हणजे आतल्या पांढऱ्या भुकटीच्या शुद्धतेची आणि निर्जंतुकतेची जबाबदारी विक्रेता घेत नाही. इंजेक्शन आधीच घेतले असेल तर कुपी फेकू नका. ती डॉक्टरांना दाखवा आणि घरातील कर्करोगाचा इतिहासही सांगा.