सव्वा किलोचा लॅपटॉप : घ्यावा की न घ्यावा?

या वेळच्या टपालातली बरीचशी पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. पातळ, हलका आणि बऱ्यापैकी महाग लॅपटॉप घेण्यात अर्थ आहे का, असे अनेकांनी विचारले आहे. म्हणून सदराची सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : मी भाषांतराचे काम करते. दिवसाचे सहा-सात तास मजकूर, शब्दकोश आणि ब्राउझरचे वीसेक टॅब उघडे असतात. सध्याचा लॅपटॉप सहा वर्षांचा आहे, दोन किलोंहून जड आहे आणि तो रोज खांद्यावरून न्यावा लागतो. पातळ-हलक्या वर्गातला एखादा चांगला लॅपटॉप घ्यावा असे मनात आहे. पण तोच प्रोसेसर आणि तेवढीच मेमरी असलेला साधा लॅपटॉप जवळजवळ निम्म्या किमतीत मिळतो. मग वरचे पैसे नेमके कशाचे?

उत्तर : वेगाचे नाहीत, हे आधी स्पष्ट करतो. प्रोसेसर आणि मेमरी सारखी असेल, तर आपल्या कामात दोन्ही यंत्रे सारखीच चालतील. वरचे पैसे जातात ते वजन, बॅटरी, स्क्रीन आणि बांधणी या चार गोष्टींना, आणि त्यांतल्या किती गोष्टी आपल्या रोजच्या उपयोगाच्या आहेत यावर व्यवहार फायद्याचा की तोट्याचा हे ठरते.

वजनाचा आकडा जाहिरातीतला धरू नये, पिशवीतला धरावा. हे उत्तर लिहायला बसण्यापूर्वी मी स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन माझीच पिशवी तोलून पाहिली. लॅपटॉप १२४० ग्रॅम, चार्जर वायरसकट ३१० आणि जुन्या पद्धतीच्या यूएसबीसाठी व एचडीएमआयसाठी बाळगावा लागणारा हब ९० ग्रॅम भरला. सव्वा किलोचा म्हणून मिरवणारा माझा लॅपटॉप प्रत्यक्षात १६४० ग्रॅमचा निघाला. तरीही कपाटातला जुना लॅपटॉप त्याच्या विटेएवढ्या चार्जरसह अडीच किलोंच्या पुढे गेला, म्हणजे खांद्यावरचे पाऊण किलोहून अधिक ओझे कमी झाले. रोज ने-आण करणाऱ्याला हा फरक पहिल्याच आठवड्यात कळतो. लॅपटॉप टाइप-सी पोर्टवरून चार्ज होणारा असेल, तर फोन आणि लॅपटॉप मिळून एकच चार्जर पुरतो आणि आणखी थोडे वजन वाचते.

इथे एक गल्लत नेहमी होते. पातळ आणि हलका हे दोन वेगवेगळे गुण आहेत. २००८ साली स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला मॅकबुक एअर कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवला, तेव्हापासून पातळपणा हीच उंची वस्तूची खूण होऊन बसली. त्या लॅपटॉपचे वजन मात्र १.३६ किलो होते, आणि त्याला यूएसबी पोर्ट एकच होते. आज एक किलोच्या आसपासचे लॅपटॉप मिळतात ते बहुधा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे किंवा कार्बन फायबरचे असतात. ॲल्युमिनियमची घनता दर घनसेंटिमीटरला २.७ ग्रॅम, तर मॅग्नेशियमची सुमारे १.७४ ग्रॅम आहे. त्यामुळे मॅग्नेशियमचा लॅपटॉप हातात घेतल्यावर थोडा प्लॅस्टिकचा, पोकळसर वाटतो आणि ग्राहक तो खाली ठेवून थंडगार, भरीव ॲल्युमिनियमचा उचलतो. उंची काय वाटते हे पाहण्याच्या नादात तो दोन-अडीचशे ग्रॅम उगाच विकत घेतो. जाडी दुकानात दिसते, वजन संध्याकाळी जाणवते.

बॅटरीच्या बाबतीत ‘१८ तास’ असे जे छापलेले असते त्यावर न जाता वॅट-अवर हा आकडा पाहावा. पातळ लॅपटॉपमध्ये तो साधारणपणे ५० ते ७५ च्या दरम्यान असतो. हिशेब साधा आहे. बॅटरी ५४ वॅट-अवरची असेल आणि मजकुराचे काम करताना लॅपटॉप सरासरी ६ वॅट खात असेल, तर ती ९ तास पुरेल. स्क्रीन पूर्ण उजळ ठेवून व्हिडिओ बैठका चालू असतील आणि खाणे १८ वॅटवर गेले, तर तीच बॅटरी ३ तासांत संपेल. म्हणून दोन लॅपटॉपची तुलना करताना बॅटरी किती मोठी आहे याइतकेच स्क्रीन किती खाते हेही विचारात घ्यावे. चौदा इंचांच्या स्क्रीनवर फोर-के, म्हणजे अतिशय दाट बिंदूंचे रेझोल्यूशन, घेण्याचा मोह मजकुराचे काम करणाऱ्याने टाळलेला बरा. अक्षरे त्याहून कमी रेझोल्यूशनलाही पुरेशी रेखीव दिसतात आणि बॅटरी वाचते. ओलेड स्क्रीन सुंदर असते. पण तिच्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो, त्यामुळे पांढऱ्या पानावर काळी अक्षरे, म्हणजे दिवसभर आपल्या डोळ्यांसमोर असते तेच दृश्य, तिला सर्वांत महाग पडते. शिवाय एकाच जागी वर्षानुवर्षे राहणारी टास्कबार तिच्यावर पुसट डाग उमटवू शकते.

मला विचाराल, तर या वर्गातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कीबोर्ड आहे. पातळपणासाठी जागा काढायची म्हटली की पहिली कुऱ्हाड कळांच्या खोलीवर पडते. चांगल्या पातळ लॅपटॉपमध्ये कळ एक ते दीड मिलिमीटर खाली जाते आणि तेवढे बोटांना पुरते. त्याहून कमी करण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न अ‍ॅपलने २०१५ मध्ये ‘बटरफ्लाय’ रचनेच्या कीबोर्डने केला. बारीकशी धूळ गेली की कळ अडकते किंवा एकाऐवजी दोन अक्षरे उमटतात, अशा तक्रारी वाढत गेल्या, २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली आणि २०१९ च्या अखेरीपासून कंपनी पुन्हा जुन्या ‘कात्री’ रचनेकडे वळली. आपण दिवसाला काही हजार शब्द टंकत असाल, तेव्हा दुकानात स्क्रीनचे रंग पाहण्यात वेळ न घालवता एक कोरी फाइल उघडावी आणि दहा मिनिटे सलग, नेहमीच्या वेगाने, आपल्या नेहमीच्या देवनागरी कीबोर्डावर मजकूर टंकून पाहावा. विक्रेता कंटाळला तरी हरकत नाही.

आता निर्णयाकडे येऊ. गेल्या महिन्यात आपला लॅपटॉप किती दिवस घराबाहेर गेला, हे कॅलेंडर समोर ठेवून मोजावे. पंधराहून अधिक दिवस गेला असेल, तर वरचे पैसे योग्य कारणासाठी जात आहेत असे मी मानतो, आणि आपल्या पत्रावरून ते तसेच दिसते. तो आकडा दोन-चारवरच थांबत असेल, तर त्याच पैशांत साधा लॅपटॉप, बऱ्यापैकी मोठा मॉनिटर आणि वेगळा कीबोर्ड घेणाऱ्याची मान आणि डोळे जास्त सुखी राहतील.

प्रश्न : माझी मुलगी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्रिमितीय आराखडे करणे आणि त्यांची चित्रे रेंडर करणे, म्हणजे संगणकाकडून खरीखुरी वाटतील अशी तयार करून घेणे, हे तिचे मुख्य काम. तिला एक अतिशय पातळ लॅपटॉप आवडला आहे. दुकानात तिने नेहमीचे सॉफ्टवेअर चालवून पाहिले, तेव्हा तो झरझर चालला. घ्यायला हरकत आहे का?

उत्तर : हरकत आहे, आणि तिचे कारण दुकानातल्या पाच मिनिटांत दिसण्यासारखे नाही. प्रोसेसर जेवढी वीज घेतो, त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते आणि ती बाहेर काढावी लागते. पातळ लॅपटॉपमधले प्रोसेसर सलग कामासाठी साधारण १५ ते २८ वॅटच्या बेताने बसवलेले असतात. मात्र अर्धा-एक मिनिट त्यांना याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक वीज घेण्याची मुभा असते. फाइल उघडणे, आराखडा फिरवून पाहणे, एखादी भिंत सरकवणे ही कामे त्या मुभेतच उरकतात, म्हणून लॅपटॉप झरझर चालल्यासारखा वाटतो. रेंडरिंग चाळीस मिनिटे चालते. दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला आतली तांब्याची नळी आणि पातळ पंखा यांची ताकद संपते, प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि उरलेला वेळ तो त्या उतरलेल्या वेगानेच काम करतो. ज्या लॅपटॉपांत पंखाच नसतो, २०२० नंतरचे मॅकबुक एअर त्यांपैकी आहेत, ते शांत राहतात आणि छोट्या कामांत उत्तम चालतात; पण लांबलेल्या कामात त्यांचाही वेग असाच खाली येतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. प्रोसेसरचे नाव सारखे असलेले दोन लॅपटॉप सारख्या वेगाचे असतीलच असे नाही. जाड लॅपटॉपमधला तोच प्रोसेसर पुष्कळदा अधिक काम उरकतो, कारण त्याला श्वास घ्यायला जागा असते. परीक्षणे वाचताना एकदाच घेतलेल्या चाचणीचा आकडा सोडून द्यावा आणि तीच चाचणी अर्धा तास लागोपाठ घेतल्यावर आकडा किती घसरला, हे पाहावे.

मुलीसाठी स्वतंत्र ग्राफिक्स, म्हणजे चित्रांच्या कामासाठी वेगळी चिप असलेला, दीड ते दोन किलोंचा लॅपटॉप घ्यावा. वर्गात फक्त टिपणे घ्यायची आणि रेंडरिंग संस्थेच्या प्रयोगशाळेतल्या डेस्कटॉपवर करायचे, अशी सोय असेल, तर पातळ लॅपटॉपही चालेल. पण सादरीकरणाच्या आदल्या रात्री त्या प्रयोगशाळेत जागा मिळते का, हे तिलाच विचारा.

प्रश्न : १६ जीबी मेमरी घ्यावी की ३२? आत्ता १६ घेऊन पुढे वाढवता येईल ना?

उत्तर : या वर्गात बहुधा नाही. मेमरीच्या चिप मदरबोर्डवरच, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य सर्किटच्या पाटीवरच, डाग देऊन (सोल्डर करून) पक्क्या केलेल्या असतात. त्यात कंपन्यांचा स्वार्थ आहेच, पण केवळ तेवढेच कारण नाही. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ, आखूड तारांनी जोडावी लागते. इंटेलच्या २०२४ मधल्या एका मालिकेत तर ती प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवली आहे आणि तिथे ३२ जीबीच्या पुढे पर्यायच नाही. म्हणून पातळ लॅपटॉप घेताना आजची गरज न पाहता पाचव्या वर्षीची गरज पाहावी. मजकूर, हिशेब, ब्राउझर एवढेच काम असेल तर १६ जीबी पुरे. प्रोग्रॅमिंग, मोठी छायाचित्रे, व्हिडिओ यांपैकी काहीही असेल तर ३२ घ्यावी आणि त्यासाठी गरज पडल्यास प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा. साठवणुकीची एसएसडी अनेक लॅपटॉपांत बदलता येते, पण सगळ्यांत नाही. खरेदीपूर्वी खात्री करून घ्यावी.

दुरुस्तीचेही असेच आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्या पातळ लॅपटॉपच्या कीबोर्डवर पेलाभर पाणी सांडले. उजवीकडच्या चार कळा गेल्या, बाकी सगळे ठीक होते. सेवा केंद्रातल्या तंत्रज्ञाने मागचे स्क्रू काढून झाकण उचलले आणि मला आत दाखवले. निम्म्याहून अधिक जागा बॅटरीने व्यापलेली, मदरबोर्ड तळहाताएवढा, आणि कीबोर्ड वरच्या धातूच्या पत्र्याला बारीक रिव्हेटांनी कायमचा जोडलेला. त्याच पत्र्याला बॅटरीही चिकटवलेली. चार कळांसाठी पत्रा, कीबोर्ड आणि बॅटरी असे सगळेच बदलावे लागले आणि बिल लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाला जाऊन भिडले. पातळपणाबरोबर हे येणारच असे मात्र नाही. फ्रेमवर्क नावाची कंपनी २०२१ पासून सुमारे १.३ किलोंचा असा लॅपटॉप विकते, की ज्याचा कीबोर्ड, बॅटरी, मेमरी आणि मदरबोर्डसुद्धा ग्राहकाला स्वतः बदलता येतो. बाकीच्यांनी मनावर घेतले, तर त्यांनाही हे जमण्यासारखे आहे. ते होईपर्यंत लॅपटॉपच्या किमतीत वाढीव वॉरंटीचे पैसे धरूनच अंदाजपत्रक करावे, आणि त्या वॉरंटीत सांडलेले पाणी धरले आहे की नाही, हे बारीक अक्षरांत वाचून घ्यावे.

प्रश्न : नव्या मॉडेलऐवजी दोन वर्षांपूर्वीचे, वापरलेले उंची मॉडेल घेतले तर?

उत्तर : पुष्कळांच्या बाबतीत हाच शहाणपणाचा मार्ग ठरेल. चांगली बांधणी, चांगला कीबोर्ड आणि चांगली स्क्रीन दोन वर्षांत जुनी होत नाही, आणि मजकुराच्या कामात दोन पिढ्यांमधल्या प्रोसेसरांचा फरक जाणवणारही नाही. विंडोजचा लॅपटॉप असेल, तर विंडोज ११ अधिकृतपणे चालते का एवढे आवर्जून पाहावे, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

खरा प्रश्न बॅटरीचा असतो. लिथियम-आयन बॅटरी वापराने झिजते आणि नुसती ठेवूनही झिजते, त्यामुळे ‘फारसा वापरलाच नाही’ या आश्वासनाला फार किंमत देऊ नये. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढता येतो, त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. मॅकमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर कमाल क्षमता टक्क्यांत दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली असेल, तर नव्या बॅटरीचा आणि ती बसवण्याचा खर्च विचारून तो सौद्यातून वजा करण्याचा आग्रह धरावा. विक्रेता रिपोर्ट काढू देत नसेल, तर दुसरा लॅपटॉप पाहावा.